रोस्टर नको म्हणणाऱ्यांनो, हे आकडे वाचा!

साथींनो, बढतीची यादी लागली की एक सूर हमखास ऐकू येतो : रोस्टर काढून टाका, माणूस गुणवत्तेवर निवडा, भेदभाव आपोआप जाईल. आपोआप? जिथे रोस्टर नाही आणि माणसेही सुशिक्षित, सद्हेतूची आहेत, तिथे काय घडते ते पाहू.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डॉ. डॉर्सेटा टेलर यांनी मिशिगन विद्यापीठात असताना २०१४ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. तपासणी होती १९१ पर्यावरण संस्था, ७४ सरकारी यंत्रणा आणि २८ अनुदान देणाऱ्या न्यासांची. कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, आदिवासी असे सारे बिगर-गोरे मिळून तिथल्या लोकसंख्येच्या सुमारे ३८ टक्के. पण या संस्थांच्या नोकरवर्गात त्यांचा वाटा १६ टक्क्यांवर चढत नव्हता. नेतृत्वाच्या जागांवर तर १२ टक्क्यांहूनही कमी! या अडथळ्याला बाईंनी ‘हिरवे छत’ म्हटले. स्त्रियांची संख्या वाढली खरी, पण लाभ मुख्यतः गोऱ्या स्त्रियांना.

कारण आपल्याला परके नाही. जागा भरायची ती तोंडी, ओळखीपाळखीतून. ओळखी कोणाच्या? आधीच खुर्चीत बसलेल्यांच्या. विविधता हवी, असे या संस्था सांगत होत्याच! विषारी कचऱ्याची केंद्रे मात्र बिगर-गोऱ्यांच्या वस्त्यांशेजारी अधिक, हे १९८७ सालीच एका चर्चच्या अहवालाने दाखवले होते. ज्यांच्या दारात घाण, त्यांना निर्णयाच्या बैठकीत जागा नाही. न्यू मेक्सिकोतील साउथवेस्ट ऑर्गनायझिंग प्रोजेक्टने १९९० साली दहा मोठ्या पर्यावरण संघटनांना जाहीर पत्र लिहून हाच जाब विचारला होता. त्यानंतर २४ वर्षांनी टेलरबाईंना हे आकडे सापडतात. सद्हेतूला आणखी किती मुदत द्यायची?

आपल्या खात्यांत जाहिरात निघते, ज्येष्ठता यादी भिंतीवर लागते, रोस्टर रजिस्टर तपासायला मागता येते. यातले काहीही साहेबाच्या कृपेने मिळालेले नाही. आणि हे हातचे जाते कुठून, तर ठेक्यातून. स्थानकाची सफाई ठेकेदाराकडे गेली की त्याच्या हजेरीपटाला ना रोस्टर, ना ज्येष्ठता.

कामगार संघटनेची कार्यकारिणी तरी या मोजणीबाहेर का राहावी? (ही मागणी काहींना आवडणार नाही, ठाऊक आहे.) प्रत्येक शाखेने येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी तक्ता फलकावर लावावा : सभासदांत ट्रॅकमन, सफाई कर्मचारी, ग्रामीण डाक सेवक आणि महिला किती, आणि पदाधिकाऱ्यांत किती.