वाळ्याची मुळी जमिनीत राहू द्या

उन्हाळा आला की आपल्याला वाळ्याची आठवण होते. माठात वाळ्याची जुडी पडते, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागतात. संस्कृतच्या वर्गात हाच वाळा 'उशीर' या नावाने भेटतो. 'शाकुंतला'च्या तिसऱ्या अंकात शकुंतलेचा दाह शमविण्यासाठी त्याचाच लेप नेला जातो. परंतु वाळा हे नदीकाठी व पाणथळ जागी वाढणारे आपल्याच देशातील एक गवत आहे, हे आपल्यापैकी कितीजण जाणतात? आपली ओळख आहे ती फक्त उपटलेल्या मुळीशी.

खरे पाहता या मुळीचे मोठे काम जमिनीतच चालते. अनेक गवतांची मुळे वरच्या थरातच पसरतात. वाळ्याची मात्र सरळ खाली उतरतात आणि अनुकूल जमिनीत दोन ते तीन मीटर खोल जातात. ओळीने दाट लावलेला वाळा वाहत्या पाण्याचा वेग मोडतो, गाळ अडवतो आणि काठ धरून ठेवतो. काही दिवस पाण्याखाली राहिला तरी तो मरत नाही, आणि एकदा रुजला की उन्हाळ्यातही तग धरतो. कर्नाटकातील गुंडलुपेट भागातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तो शेताच्या बांधावर लावीत आले आहेत. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी त्याचा देशोदेशी प्रचार केला.

आणि आपण? ओढ्याचा काठ ढासळला की सिमेंटच्या भिंतीची मागणी करतो. भिंतीला कोनशिला बसविता येते, वाळ्याला ती बसवायची कोठे?

कोणी म्हणेल, हे गवत शेतात माजेल. ही भीती अनाठायी आहे. वाळा जमिनीखालून धावत नाही आणि दक्षिणेकडील लागवडीच्या वाणाला रुजणारे बी क्वचितच येते. दाट सावली मात्र त्याला मानवत नाही. शिवाय जेथे प्रवाह काठ तळातून पोखरतो, तेथे दगडांचा आधार द्यावाच लागतो. अत्तरासाठी मुळी हवी असेल तर ती वेगळ्या वाफ्यात वाढवावी. काठावरची मुळी खणणे म्हणजे काठच खणणे होय.

लागवडीला फारसे काही लागत नाही. पावसाच्या आरंभी ठोंबाचे फुटवे सुटे करून, शेंडे छाटून, १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर ओळीने लावावेत आणि पहिले वर्ष गुरांपासून राखावेत.

येथे आपल्याला करण्यासारखे काही आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर बहुधा हिवाळ्यात भरते, तेव्हा लावण्याचा हंगाम सरलेला असतो. म्हणून जूनमधील एक रविवार लागवडीसाठी द्यावा आणि हिवाळी शिबिरात त्याच ओळीत मेलेले ठोंब मोजून ठेवावेत. पुढच्या पावसात ती जागा भरावी. रोपासोबत छायाचित्र काढून घेण्यापेक्षा हे काम कंटाळवाणे आहे खरे. पण काठ वाचवायचा तर तेच करावे लागेल.