तुमच्या मागं घरी कोण होतं?

गेल्या जुलैत आम्ही सात मैत्रिणी मोटारसायकलवरून मनाली ते लेह असा प्रवास करून आलो. पुण्यात परतल्यावर, मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या बचत गटाच्या बैठकीत फोटो दाखवले. थंडी किती होती, भीती नाही का वाटली, बाथरूमचं काय केलं, असे प्रश्न झाले. मग धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एकीने विचारलं, "ताई, तुमच्या मागं घरी कोण होतं?" मी चटकन म्हटलं, "सासूबाई होत्या ना." "मग बरंय," ती म्हणाली. ते "मग बरंय" मनातून जाईना, म्हणून हे लिहिते आहे.

आधी प्रवासाबद्दल. गाड्या रेल्वेने चंदीगडला पाठवल्या. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय पार्सलला गाडी घेत नाहीत, तिथून आमचं शिक्षण सुरू झालं. मनालीपासून लेह सुमारे ४३० किलोमीटर. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग चढावा लागत नाही, नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून सरळ लाहौलमध्ये जाता येतं. जिस्पाला भागा नदीच्या काठी तंबू टाकले. पुढचा मुक्काम १६ हजार फुटांवरची बारालाचा खिंड ओलांडून सरचूला. तिथे डोकं ठणकत होतं, स्टोव्हवरचा भात कच्चा राहिला, झोप नाहीच. पण कधी निघायचं, कुठे थांबायचं, एकीला बरं नाही म्हणून एक दिवस जास्त राहायचं का, हे सगळं आम्ही आपसात ठरवलं. कुणाला विचारावं लागलं नाही. त्या माळावर आडोशाला झुडूपसुद्धा नाही. एकीला जायचं झालं की दोघी ओढणी धरून उभ्या राहायच्या. जिला पाळी आली तिने ती लपवली नाही. पस्तिशी आली तरी हा मोकळेपणा मला माहीत नव्हता.

मोटारसायकलवर बाईची जागा मागची, हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की ते दिसतही नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकेल अशी जाळी बसवावी लागते. लोक तिला 'साडी गार्ड' म्हणतात. जाळी हवीच, तिने जीव वाचतात. पण साडी म्हणजे मागची सीट, हे त्या नावातच आलं. १९७२ मध्ये लूना आली तेव्हापासून पुण्यातल्या बायका दुचाकी चालवत आहेत. बँक, मंडई, मुलांची शिकवणी. कामासाठी काढलेली गाडी कुणाला खुपत नाही. नुसतं हिंडायला काढली की खुपते.

परतल्यावर एका मंडळाने आमचा सत्कार केला. 'रणरागिणी' म्हणाले. "परवानगी दिल्याबद्दल" आमच्या नवऱ्यांनाही शाल-श्रीफळ दिलं. माझ्या सासूबाई प्रेक्षकांत बसल्या होत्या. गुडघे दुखत असताना पंधरा दिवस स्वयंपाक, मुलीचा डबा, तिची शाळेची बस त्यांनी सांभाळली. त्यांना कुणी पुढे बोलावलं नाही, मलाही तेव्हा सुचलं नाही. पोळ्यांच्या ताई त्या दिवसांत दोन वेळा आल्या. जादा पैसे दिले, पण त्यांच्या घरी संध्याकाळी चूल कोण पेटवत होतं, हे मी विचारलं नव्हतं. नवऱ्याने 'मदत' केली आणि शेजारात त्याचं कौतुक झालं.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार, घरातलं बिनमोल काम करणाऱ्या बाईचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं, आणि असं काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. मी पंधरा दिवस गेले तेव्हा माझी मिनिटं पुरुषांकडे गेली नाहीत. ती दोन बायकांत वाटली गेली.

आणखी एक आठवण. बारालाचाच्या अलीकडे रस्त्याच्या कामावर बायका खडी फोडत होत्या. डांबराच्या पिंपाच्या सावलीत एक लेकरू झोपलं होतं. चहासाठी थांबलो तेव्हा त्याच्या आईशी बोलले. ती झारखंडच्या दुमक्याची. २०२० च्या टाळेबंदीत लेहमध्ये अडकलेल्या झारखंडच्या साठ मजुरांना विमानाने रांचीला आणलं, तेव्हा या मजुरांची थोडी बातमी झाली होती. तीही डोंगरात आली होती, तंबूत राहत होती, तेही महिनोन्महिने. ज्या रस्त्याबद्दल आमचा सत्कार झाला, तो तिने केलेला.

चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतात, हे मध्यमवर्गीय चोचले आहेत. मला ते पटत नाही. काम नसताना घराबाहेर राहणं, उघड्या आभाळाखाली निवांत झोपणं, हा हक्कच आहे. उलट तो मूठभर बायकांचा चोचला राहिला, हीच तक्रार असायला हवी. आपलं मोकळं होणं दुसऱ्या बाईच्या कष्टावर उभं राहिलं, तर घराची व्यवस्था तशीच राहते, फक्त एका बाईची सुट्टी होते. म्हणून प्रवासाला निघण्याआधी पुरुषांबरोबर कामाची वाटणी बसून, कागदावर झाली पाहिजे. घरकामाच्या बाईला वर्षाकाठी पगारी रजा मिळाली पाहिजे. ही मागणी आपल्या घरापासून सुरू करू या. माझ्या घरी पोळ्यांच्या ताईंना या दिवाळीपासून पंधरा दिवस पगारी रजा ठरली आहे. पहिले चार दिवस पोळ्या नवऱ्याने केल्या. त्या कशा झाल्या, हा मुद्दा नाही.

बचत गटाने भंडारदऱ्याला दोन रात्री जायचं ठरवलं आहे. एसटीने, २०२३ पासून बायकांना तिकीट निम्मं आहे. अटी त्यांनीच घातल्या: देवदर्शन नाही, मुलं नाहीत, आणि जाताना डबे करून ठेवायचे नाहीत. चौदा जणींपैकी अकरा जणींनी नावं दिली. तिघींच्या मागं घरी कुणी नाही. एकीची सासू अंथरुणाला खिळलेली आहे. पुढच्या बैठकीत विषय तोच आहे. या तिघींचं काय करायचं, हे ठरल्याशिवाय तारीख काढायची नाही, असं गटाचं म्हणणं आहे.