घरचें दप्तर : प्रतिबिंब म्हणजे प्रत नव्हे

एका वाचक भगिनींनीं आम्हांस विचारिलें आहे, "परदेशीं असलेल्या मुलाचीं वीस वर्षांचीं ई-मेल पत्रें घरच्या कॉम्प्युटरवर आहेत. तीं तेथें सुरक्षित आहेत असें समजावें काय?" प्रश्न दिसावयास लहान आहे, परंतु गिरगांव-दादरकडील ज्या ज्या घरांतून एखादें मूल परदेशीं गेलें आहे, त्या प्रत्येक घरास तो लागू पडतो. म्हणून या खेपेस त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जुन्या पत्रांच्या बाबतींत आपण महाराष्ट्रीय मोठे भाग्यवान. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून घरोघरचे कागद मिळविले व 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला; पुढें असे २२ खंड झाले. रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत छापविले. हें कशामुळें शक्य झालें? ज्यांच्या घरीं कागद होते त्या सर्वांनीं ते फार जपले होते असें नव्हे. पुष्कळांस तर आपल्या माळ्यावर काय आहे याची दादहि नव्हती. कागद दुर्लक्ष सोसतो, हें त्याचें कारण. वाळवी आणि पाऊस यांच्या तावडींतून तो सुटला, तर दोनशें वर्षांनींहि मोडी जाणणारा मनुष्य तो उलगडून वाचूं शकतो. कॉम्प्युटरमधील पत्रास दुर्लक्ष मुळींच सोसत नाहीं. सारा भेद येथें आहे.

प्रथम हें पत्र राहतें कोठें, तें पाहूं. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सामान्य लोकांस इंटरनेट खुलें केलें. त्या काळीं जोडणी टेलिफोनच्या तारेवरून मिळे, तिचा खर्च वेळेच्या हिशेबानें वाढे, आणि कंपनीच्या यंत्रावर प्रत्येकाच्या वांट्यास जागाहि थोडीच येई. म्हणून आउटलुक एक्स्प्रेस, युडोरा आणि पुढें थंडरबर्ड यांसारख्या प्रोग्रामांनीं पत्रें घरीं उतरवून घ्यावीं, कंपनीच्या यंत्रावरून तीं पुसून टाकावीं, व मग जोडणी तोडून सावकाश वाचावीं, असा प्रघात पडला. या पद्धतीस पॉप म्हणतात. पोस्टमननें पत्र हातीं दिल्यावर पोस्टांत त्याचें कांहीं उरत नाहीं, तसेंच हें. आमच्या भगिनींच्या घरीं हीच पद्धत चालत असेल, तर मुलाच्या त्या पत्रांची कदाचित् एकच प्रत शिल्लक असेल, आणि ती त्या एका यंत्राच्या पोटांत आहे.

परळच्या एका परिचित कुटुंबांत याचा अनुभव आला. कॉम्प्युटर सुरू होईना, म्हणून तो लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीस दिला. कारागिरानें रीतीप्रमाणें विचारलें, "काका, आंतला डेटा ठेवायचा आहे का?" वृद्ध गृहस्थ म्हणाले, "हिशेबाचें वगैरे त्यांत कांहीं नाहीं." तीन दिवसांनीं यंत्र नव्यासारखें चालूं लागलें, मात्र मुलीनें अमेरिकेंतून पहिल्या बाळंतपणाच्या वेळीं आईस लिहिलेलीं पत्रें आणि आईचीं उत्तरें त्यांतून गेलीं होतीं. मुलीजवळ शोध केला, तों नोकरी सोडतांना तिचें ऑफिसचें खातें बंद झालें होतें. आई तर त्यापूर्वींच निवर्तली होती. दोष कोणाचाच नव्हता; नक्कल मात्र कोणींच केली नव्हती.

हल्लीं बहुधा आयमॅप नांवाची दुसरी पद्धत असते. तींत पत्रें कंपनीच्या यंत्रावरच राहतात, आणि घरीं व फोनवर त्यांचें प्रतिबिंब दिसतें. पत्र तीन ठिकाणीं दिसतें, म्हणून तीन प्रती झाल्या अशी समजूत होते. परंतु प्रतिबिंब म्हणजे प्रत नव्हे. मनुष्य आरशापुढून उठला कीं प्रतिबिंब उरत नाहीं. त्याचप्रमाणें नातवानें फोनवर पत्र पुसलें कीं कॉम्प्युटरवरूनहि तें जातें. फेब्रुवारी २०११ मध्यें प्रोग्राममधील एका दोषामुळें हजारों लोकांचीं जीमेल खातीं रिकामीं झालीं. गूगलजवळ त्या पत्रांच्या एकाहून अधिक प्रती होत्या, पण त्या परस्परांशीं जोडलेल्या असल्यामुळें दोष त्यांनाहि बाधला. अखेर जोडणीपासून अलग ठेविलेल्या चुंबकीय फितींवरून पत्रें परत आणावीं लागलीं. शिवाय दोन वर्षें न वापरलेलें वैयक्तिक खातें काढून टाकण्याचा नियम गूगलनें डिसेंबर २०२३ पासून अमलांत आणिला आहे. वडील वारल्यानंतर त्यांचें खातें कोण उघडून पाहतो, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

आतां उपाय. थंडरबर्ड असल्यास 'हेल्प' मध्यें 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडावें. तेथें 'प्रोफाइल फोल्डर' समोरील 'ओपन फोल्डर' दाबलें म्हणजे पत्रांची कोठी दिसते. प्रोग्राम बंद करून तें सबंध फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावें. आयमॅप असेल, तर महत्त्वाचीं पत्रें आधीं 'लोकल फोल्डर्स' मध्यें कॉपी करावीं, म्हणजे तीं प्रतिबिंब न राहतां खरी प्रत होतात. जुन्या धर्तीच्या आउटलुकमध्यें 'फाईल', 'ओपन अँड एक्स्पोर्ट', 'इंपोर्ट/एक्स्पोर्ट' या क्रमानें जाऊन पीएसटी जातीची फाईल करून घ्यावी. अगदीं जिव्हाळ्याचीं पांचपंचवीस पत्रें कागदावर छापून घेतलीं, तर तें सर्वांत उत्तम.

नकला दोन असाव्या, म्हणजे मूळ धरून तीन प्रती होतात. आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं असावी. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तर कुलाब्यास सुमारें ७३. शहर एकच, पण संकट सर्वत्र सारखें नव्हतें. हिंदमाताजवळ तळमजल्यावर राहणाराची एक डिस्क गिरगांवांत तिसऱ्या मजल्यावरील बहिणीकडे असली, तर दोघांसहि निर्धास्त झोंप लागेल.

नक्कल केली म्हणजे काम संपलें असेंहि नव्हे. तिचा पडताळा पाहिजे. आपल्या वैदिकांनीं संहितेबरोबर पद, क्रम, जटा, घन असे पाठ ठेविले, ते एका पाठानें दुसऱ्याची चूक उघडी पडावी म्हणूनच. तद्वत् दर महिन्यास नक्कल करावी, आणि दसऱ्यास सरस्वतीपूजनाच्या दिवशीं ती डिस्क दुसऱ्या यंत्रास लावून दोन-चार जुनीं पत्रें खरोखर उघडतात कीं नाहीं तें पाहावें. जी नक्कल कधीं उघडून पाहिली नाहीं, तिच्यावर भरंवसा ठेवूं नये.

एकत्र कुटुंबांत आणखी एक पथ्य पाळलें पाहिजे. यंत्र घराचें असलें, तरी पत्र ज्याचें त्याचें असतें. सुनेनें माहेरीं लिहिलेलीं पत्रें जपण्याच्या निमित्तानें सासऱ्यांनीं वाचूं नयेत. ज्याच्या त्याच्या पत्रांची नक्कल ज्यानें त्यानें आपल्या हातानें करावी व डिस्कला पासवर्ड लावावा. वडील मंडळींनीं मात्र आपल्या मागें हीं पत्रें कोणीं उघडावीं, हें लिहून ठेवावें.

तेव्हां भगिनींस आमचें उत्तर असें कीं, पत्रें आज आहेत, परंतु सुरक्षित नाहींत. तीं सुरक्षित करण्यास एक डिस्क आणि एक दुपार पुरे होते. येत्या रविवारीं जेवणें आटोपल्यावर घरांतील तरुण मंडळींस हाताशीं घेऊन त्यांनीं तें काम उरकावें.