हलाल आहे, पण तय्यब आहे का?

डेंग्यूची साथ आली की आमच्या मोहल्ल्यात बकरीच्या दुधाची शोधाशोध सुरू होते. एरवी कुणी न विचारणाऱ्या दुधाला वाट्टेल तो भाव येतो. प्लेटलेट वाढतात म्हणून ते कच्चे, धारोष्णच पाजायचे, असा आग्रह असतो. या दुधाने प्लेटलेट वाढतात याला भक्कम पुरावा नाही. आजार उतरू लागला की त्या बहुतेकदा आपोआप वाढतात आणि श्रेय बकरीला मिळते. उलट कच्च्या दुधातून दुसराच ताप घरात येऊ शकतो.

त्याचे नाव ब्रुसेलोसिस. पूर्वी त्याला माल्टा ताप म्हणत. माल्टा बेटावरचे ब्रिटिश सैनिक त्याने बेजार होते. 1887 साली डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला. 1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झमिट यांना तो बकऱ्यांत सापडला. तिथे बकऱ्या दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढत. दूध ताजे, भेसळ नाही, बकऱ्याही धडधाकट. तरी जंतू होतेच. 1906 मध्ये सैनिकांचे ते दूध बंद झाले आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने ओसरला.

आपणही तेच म्हणतो, "बकरी ओळखीची आहे, धार डोळ्यांसमोर काढली." पण जंतू डोळ्यांना दिसत नाही. ताप येतो-जातो, घाम फुटतो, सांधे आणि कंबर दुखते. टायफॉइड समजून औषधे चालू राहतात. सर्वांत जास्त धोका बकरी पाळणाऱ्या घरालाच असतो. गाभडलेल्या बकरीची वार उघड्या हातांनी उचलणाऱ्या बाया आधी सापडतात. सरकारी कार्यक्रमात ब्रुसेलोसिसची लस गाई-म्हशींच्या मादी वासरांना दिली जाते. गरिबाची गाय मात्र बाहेरच राहते. बकऱ्यांच्या रक्ततपासणीची मागणी आपण पशुवैद्यकीय दवाखान्यात करायला हवी.

तोवर दुधाला चांगली उकळी आणा. दही, पनीरही तापवलेल्या दुधाचेच करा. उकळल्याने प्रथिने किंवा कॅल्शियम उडून जात नाही.

दुधाचा प्याला उघडा आणला म्हणून पैगंबरांनी (स.) टोकले होते, निदान एक काडी तरी आडवी ठेवायची होती, असे हदीसमध्ये आहे. कुरआनही हलालसोबत तय्यब, म्हणजे शुद्ध आणि चांगले, असे म्हणते. आपण मांसाबाबत हलालची चौकशी बारकाईने करतो. दुधाबाबत दुसऱ्या शब्दाचीही करू या.