नारळावर कुऱ्हाड कशाला?

मनमाड-नांदगावकडे परसात, विहिरीजवळ हौसेने लावलेला नारळ दोन-तीन वर्षांत पिवळा पडला, की 'ही जमीनच नारळाची नाही' म्हणून लोक कुऱ्हाड लावतात. कोणी आळ्यात मीठ टाकतो. कोकणात पाहिलेलं असतं! इथलं बोअरचं पाणी आधीच क्षाराचं, त्यात आणखी मीठ कशाला?

आधी झावळी बघा. खालच्या जुन्या झावळ्या पिवळ्या, तर बहुधा पालाश किंवा मॅग्नेशियम कमी. शेंड्याची कोवळी पिवळी, तर लोह. उसावर केवडा पडतो, तोच प्रकार. जमिनीत लोह नाही असं नाही, भरपूर आहे. पण चुनखडीच्या जमिनीत सामू आठच्या आसपास असला, की ते मुळांना मिळत नाही. पाणी तुंबलं तर आणखीच अडतं. म्हणून हिराकस नुसतं फेकू नका. शेणखतात आठवडाभर मुरवून आळ्यात द्या. चिलेटेड लोह घ्यायचं तर दुकानात 'ईडीडीएचए' मागा. स्वस्तातलं 'ईडीटीए' अशा जमिनीत टिकत नाही.

२०१५ साली आलेल्या मृद आरोग्य पत्रिकेत १२ रकाने आहेत. लोह आहे, जस्त आहे, बोरॉनही आहे. मुक्त चुना मात्र नाही, आणि आपल्याकडे सगळी गोम तिथेच! हा तेरावा रकाना मनमाडच्या शेतकऱ्याने मागून घेतला पाहिजे.