म्हैसूरच्या खासदारकीचा ताळेबंद

हुणसूर रस्त्याने म्हैसूर शहराबाहेर पडले की हूटगळ्ळीची औद्योगिक वसाहत लागते. पुण्याच्या कल्याणी उद्योगसमूहाची भागीदारी असलेला ऑटोमोटिव्ह अ‍ॅक्सल्स हा अवजड वाहनांचे आस तयार करणारा कारखाना येथेच आहे. सार्वजनिक क्षेत्रातील भारत अर्थ मूव्हर्सचा म्हैसूर प्रकल्पही याच परिसरात आहे. हा भाग लोकसभेच्या म्हैसूर मतदारसंघात मोडतो. कामगारवर्गाच्या हक्कांवर घाला घालणारे कायदे संसदेत आले, तेव्हा आपल्या प्रतिनिधीने कोणत्या बाजूने मत दिले, हे जाणून घेण्याचा अधिकार येथील कामगाराला निःसंशय आहे. परंतु त्याने लोकसभेचे दप्तर उघडले, तर त्याला तेथे उत्तर सापडत नाही. या न सापडणाऱ्या उत्तरातच भांडवली संसदीय व्यवहाराचे खरे स्वरूप दडलेले आहे.

२०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व भारतीय जनता पक्षाचे श्री. प्रताप सिम्हा यांनी केले. सिम्हा मूळचे पत्रकार. कन्नड वृत्तपत्रांतील आक्रमक स्तंभलेखनाने त्यांनी नाव मिळविले आणि नरेंद्र मोदी यांचे कन्नड चरित्र लिहून पक्षश्रेष्ठींची मर्जी संपादन केली. २०१४ साली त्यांनी काँग्रेसचे ए. एच. विश्वनाथ यांचा सुमारे ३१ हजार मतांनी पराभव केला. २०१९ साली काँग्रेसचेच सी. एच. विजयशंकर यांच्याविरुद्ध त्यांचे मताधिक्य १ लाख ३८ हजारांवर गेले.

पराभूत झालेल्या या दोघा उमेदवारांची पुढील वाटचाल बोधप्रद आहे. विश्वनाथ काँग्रेस सोडून जनता दल (धर्मनिरपेक्ष) या पक्षात गेले, त्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले, आणि २०१९ मध्ये आमदारकीचा राजीनामा देऊन थेट भाजपच्या छावणीत दाखल झाले. विजयशंकर तर भाजपचेच माजी खासदार. निवडणुकीपुरते ते काँग्रेसमध्ये आले, हरल्यावर स्वगृही परतले आणि २०२४ साली मेघालयाचे राज्यपाल झाले. ज्यांनी सिम्हांच्या विरोधात मते मागितली, ते दोघेही अखेर सिम्हांच्याच पक्षात विसावले. मग मतदाराने निवड केली ती कशाची? जेथे आर्थिक धोरणाचा भेद नसतो, तेथे पक्षाची सीमारेषा ओलांडणे म्हणजे खोली बदलण्याइतके सोपे होते.

आता मतदानाच्या नोंदीकडे वळू. २२ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेने औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या विषयांवरील तीन कामगार संहिता मंजूर केल्या. विरोधी पक्षांनी सभागृहावर बहिष्कार टाकलेला होता. दुसऱ्याच दिवशी राज्यसभेनेही त्या संमत केल्या. देश महामारीने होरपळत होता आणि पायी गावी गेलेल्या मजुरांच्या पायांचे फोड अजून सुकले नव्हते. अशा वेळी पिढ्यान्‌पिढ्यांच्या लढ्यांनी मिळविलेले कायदे आवाजी मतदानाने मोडीत काढण्यात आले! आवाजी मतदानात नाव लिहिले जात नाही. ‘होय’ म्हणणाऱ्यांचा गलबला तेवढा ऐकू येतो. त्याच आठवड्यात तीन कृषी कायद्यांचेही असेच झाले. राज्यसभेत मतविभागणीची मागणी झाली असता ती डावलली गेली आणि ती मागणाऱ्या बाजूच्या आठ सदस्यांना निलंबनाची शिक्षा मिळाली. त्यांत डाव्या पक्षांचे सदस्यही होते.

जेथे मतविभागणी होते, तेथेही सदस्याचे मत त्याचे स्वतःचे राहिलेले नाही. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतराला बंदी घातली. तिचा हेतू कितीही चांगला असो, त्यानंतर पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याची खासदारकी धोक्यात येते. म्हणून एखाद्या प्रतिगामी खासदाराची मतदानाची नोंद तपासायची, तर ती त्याच्या पक्षाची, आणि पक्षामागे उभ्या असलेल्या वर्गाची नोंद म्हणूनच तपासली पाहिजे. सिम्हांचा पक्ष त्या दिवशी सत्तेवर होता, विधेयके त्याच पक्षाच्या सरकारने आणली होती, आणि त्या पक्षाच्या बाकांवरून विरोधाचा सूर निघाला नाही. एवढी नोंद हूटगळ्ळीच्या कामगाराला पुरेशी आहे.

या संहितांचा कारखान्याच्या दारात अर्थ काय होतो? पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला कामगार-कपात करण्यास किंवा टाळे लावण्यास सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागे. आता ती मर्यादा तीनशेवर नेली आहे. स्थायी आदेशांचे बंधनही तीनशेच्या आतील कारखान्यांना उरलेले नाही. कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा वीसवरून पन्नासवर गेली. प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस सक्तीची झाली. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच मानला जाणार आहे. मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग पुरविणाऱ्या लहान-मध्यम कारखान्यांचे जाळे प्रत्येक औद्योगिक वसाहतीत असते. संरक्षणाचे छप्पर उडाले आहे ते नेमके त्यांतील कामगारांच्या डोक्यावरून. हूटगळ्ळीत जे घडते, तेच चाकण, सातपूर आणि वाळूजमध्ये घडते. मालक एक असला की कामगारांची भाषा वेगळी असून भागत नाही.

सार्वजनिक क्षेत्राची कहाणीही अशीच. भारत अर्थ मूव्हर्समधील सरकारचा हिस्सा सुमारे ५४ टक्के. त्यांपैकी २६ टक्के भाग व्यवस्थापनाच्या ताब्यासह विकण्यास २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि जानेवारी २०२१ मध्ये इच्छुक खरेदीदारांकडून प्रस्ताव मागविण्यात आले. १९६४ साली जनतेच्या पैशातून उभा राहिलेला, संरक्षण, खाणकाम आणि रेल्वेसाठी यंत्रसामग्री बनविणारा हा उद्योग खासगी हातांत देण्याचा हा घाट होता. कामगार संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. ‘देशभक्ती’चा अखंड जप करणाऱ्या पक्षाला देशाच्या संरक्षणसामग्रीचा कारखाना विकायला काढताना संकोच वाटला नाही!

सिम्हांच्या कारकिर्दीत बंगळूर-म्हैसूर महामार्ग पूर्ण झाला, २०२३ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र रस्त्याबरोबर पथकराचे नाकेही आले. आणि खासदारांचा आवाज सर्वांत मोठा झाला तो कोणत्या प्रश्नांवर? २०२२ मध्ये म्हैसूरच्या एका बसथांब्यावरील घुमट मशिदीसारखे दिसतात म्हणून ते पाडण्याची धमकी त्यांनी दिली, आणि बाजूचे दोन लहान घुमट खरोखरच उतरविले गेले. त्याच वर्षी त्यांच्या मागणीनंतर ‘टिपू एक्सप्रेस’ गाडीचे नाव बदलून ‘वडेयार एक्सप्रेस’ झाले. गाडीचे नाव बदलल्याने तिच्या सामान्य डब्यात लोंबकळणाऱ्या मजुराला बसायला जागा मिळाली काय? थांब्यावरचा घुमट उतरल्याने पाळी संपवून परतणाऱ्या कामगाराची बस लवकर आली काय? जातीयवादी राजकारणाचे कार्य हेच की, कामगाराने वर घुमटाकडे पाहत राहावे आणि खाली त्याचा खिसा कापला जावा.

१३ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेच्या प्रेक्षक सज्जातून दोन तरुणांनी सभागृहात उड्या घेतल्या आणि पिवळा धूर सोडला. त्यांचे प्रवेशपत्र सिम्हांच्या शिफारशीने निघाले होते. अशा साहसवादी कृत्यांचे समर्थन कामगारवर्गाचा पक्ष कधीही करणार नाही. संघटित जनआंदोलनाला धुराच्या नळकांड्याने पर्याय मिळत नाही. परंतु पुढे जे घडले ते विसरता येणार नाही. गृहमंत्र्यांनी सभागृहात निवेदन करावे एवढीच मागणी करणाऱ्या विरोधी बाजूचे, दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य त्या अधिवेशनात निलंबित झाले. शिफारस करणाऱ्या सत्ताधारी सदस्याचे सदस्यत्व मात्र अबाधित राहिले. अवघ्या पाच दिवसांपूर्वी, ८ डिसेंबरला, विरोधी पक्षाच्या महुआ मोइत्रा यांना संसदेच्या संकेतस्थळाचा आपला परवलीचा शब्द दुसऱ्यास दिल्याच्या मुद्द्यावरून सभागृहाबाहेर काढण्यात आले होते, तेही आवाजी मतदानाने. आणि रिकाम्या झालेल्या विरोधी बाकांसमोर देशाच्या फौजदारी कायद्यांची तीन नवी विधेयके संमत झाली.

२०२४ मध्ये भाजपने सिम्हांना उमेदवारी नाकारली आणि राजघराण्याचे वारस यदुवीर कृष्णदत्त चामराज वडेयार यांना उभे केले. ते सुमारे १ लाख ३९ हजार मतांनी निवडून आले. काँग्रेसने यावर नाके मुरडण्याचे कारण नाही. याच राजघराण्याचे श्रीकंठदत्त नरसिंहराज वडेयार यांना १९८४ पासून चार वेळा काँग्रेसनेच लोकसभेत पाठविले होते, आणि १९९१ साली ते भाजपचे उमेदवार म्हणूनही उभे राहिले होते. कूळकायद्यात १९७४ साली दूरगामी सुधारणा करणारे देवराज अर्स याच जिल्ह्यातील हुणसूरचे. त्या भूमीत पन्नास वर्षांनंतर राजवाड्याच्या नावावर मते मागितली जावीत, हा काळाचा उपरोध आहे. उमेदवार बदलला, पण धोरण तेच राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता देशभर लागू करण्यात आल्या.

तेव्हा प्रश्न एका व्यक्तीचा नाही. सिम्हा गेले म्हणून कामगारावरील संकट टळले नाही, आणि वडेयार आले म्हणून त्याला नवे कारण मिळाले नाही. आत्मपरीक्षणाचा मुद्दा पुरोगामी चळवळीचाही आहे. कारखान्यात लाल बावट्याखाली मागणीपत्रावर सही करणारा कामगार मतदानाच्या दिवशी घुमटाच्या आणि राजवाड्याच्या नावाने मत देत असेल, तर त्याच्या पगाराचा आणि त्याच्या मताचा संबंध त्याला उलगडून सांगण्यात चळवळ कमी पडली आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

तीन कृषी कायदे आवाजी मतदानाने झाले होते. दिल्लीच्या वेशीवर वर्षभर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांनी ते नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घ्यायला लावले. सभागृहात मोजली न गेलेली मते रस्त्यावर मोजली गेली! हाच धडा कामगारवर्गाने घ्यायचा आहे. कामगारांच्या जीवनमरणाच्या प्रत्येक विधेयकावर नोंदविलेले मतदान झालेच पाहिजे, ही मागणी प्रत्येक कामगार संघटनेच्या व्यासपीठावरून पुढे आली पाहिजे. प्रत्येक मतदारसंघातील पक्ष शाखेने आपल्या खासदाराच्या पक्षाचा हिशेब कारखान्याच्या फाटकावर, कामगारांच्या भाषेत मांडला पाहिजे. बेळगावच्या सीमेवरून मराठी आणि कन्नड श्रमिकांना एकमेकांविरुद्ध चिथावणाऱ्यांना उत्तर द्यायचे, तर ते चाकणच्या आणि हूटगळ्ळीच्या कामगारांच्या एकजुटीनेच देता येईल. संसदेच्या दप्तरात जी नोंद होत नाही, ती कामगारवर्गाने आपल्या दप्तरात ठेवावी आणि वेळ येताच तिचा चोख हिशेब मागावा.