विश्लेषण : जुनी स्पोर्ट्‌स कार स्वस्त, मग दुरुस्ती महाग कशी?

पॉर्शे ९११ ही अनेकांच्या स्वप्नातली गाडी. तिचे ‘९९६’ हे मॉडेल १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नवे घ्यायचे तर सुमारे ६५ हजार डॉलर लागत. दहा-पंधरा वर्षांनी तीच गाडी वीस हजार डॉलरच्या आसपास मिळू लागली. साध्या सेडानच्या पैशात स्पोर्ट्‌स कार मिळते म्हटल्यावर ग्राहक खूश झाले. पण त्यातल्या काहींना काही महिन्यांतच गॅरेजने जे बिल दिले, ते गाडीच्या किमतीएवढे होते. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण या व्यवहाराला चपखल लागू पडते.

नेमके बिघडते काय?

‘९११’ १९६३ मध्ये जगापुढे आली, तेव्हापासून तिचे इंजिन हवेने थंड होणारे होते. १९९७ मध्ये आलेल्या ‘९९६’मध्ये प्रथमच पाण्याने थंड होणारे इंजिन बसवले गेले. त्यात क्रँकशाफ्टची गती साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवणारा एक मधला दांडा आहे, ‘इंटरमीजिएट शाफ्ट’. तो फ्लायव्हीलच्या बाजूला एका लहानशा सीलबंद बेअरिंगवर फिरतो. कालांतराने सील कमकुवत होते, आत तेल शिरते आणि मूळ ग्रीस धुऊन जाते. मग बेअरिंगला धड ग्रीसही मिळत नाही आणि पुरेसे ताजे तेलही नाही. ते झिजून तुटले की दांडा डगमगतो, साखळीचा मेळ चुकतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काही क्षणांत इंजिन भंगारात जमा होते.

एवढ्याशा भागाला इतका खर्च का?

बेअरिंगची किंमत गाडीच्या मानाने किरकोळ असते. पण तिथवर पोहोचायचे तर गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागते. त्यामुळे मजुरीच भारी पडते. अमेरिकेतल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये क्लचसह हे काम साधारण दोन ते चार हजार डॉलरमध्ये होते. ते टाळले आणि इंजिन फुटले, तर नव्याने बांधणीचा खर्च १५ ते २५ हजार डॉलरच्या घरात जातो. म्हणूनच शहाणा मालक क्लच बदलायची वेळ आली की त्याच खेपेला बेअरिंग आणि क्रँकशाफ्टमागचे तेलाचे सीलही बदलून घेतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथे तेलाचे थेंब दिसत असतील, तर ते सील गेल्याची खूण समजावी.

या बेअरिंगवरून अमेरिकेत खटलाही झाला. २००१ ते २००५ या मॉडेल वर्षांतील गाड्यांसाठी २०१३ मध्ये तडजोड झाली आणि वय व मायलेजची मर्यादा घालून मालकांना भरपाई देऊ करण्यात आली. पुढे २००९च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात हा मधला दांडाच काढून टाकण्यात आला.

आणखी कोणती दुखणी आहेत?

सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावर ओरखडे पडणे हे दुसरे मोठे दुखणे. इंजिनातून टकटक आवाज येतो, तेल वाढत्या प्रमाणात जळते, सायलेन्सरच्या एकाच टोकाला जास्त काजळी धरते. बाकीची दुखणी लहान, पण संख्येने बरीच. कूलंटची प्लास्टिकची टाकी तडकते, इग्निशन कॉइलला भेगा पडतात, पाण्याचा पंप जातो. इंजिन मागे असले तरी रेडिएटर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत आहेत. तिथे पालापाचोळा साचतो, ओल धरते आणि रेडिएटर सडतो.

कमी चाललेली गाडी अधिक सुरक्षित?

सर्वांत मोठा गैरसमज हाच. ‘वर्षाला हजार किलोमीटरही चाललेली नाही’ ही जाहिरात ऐकायला गोड वाटते. प्रत्यक्षात उभ्या गाडीत तेल जुने होते, त्यात ओलावा उतरतो, रबरी सील सुकतात. नियमित चाललेली, वेळच्या वेळी तेल बदललेली गाडी अनेकदा अधिक भरवशाची ठरते. तेल बदलण्याचा हिशेब किलोमीटरवरच नव्हे, तर महिन्यांवरही ठेवायला हवा.

भारतातल्या ग्राहकाने काय ध्यानात घ्यावे?

मुंबई-पुण्यातही जुन्या आलिशान गाड्यांचे दालन हल्ली नवलाचे राहिलेले नाही. मॉडेल वेगळे असले तरी गणित तेच. शिवाय विम्याचा आधार अनेकांना वाटतो तेवढा नसतो. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक वा विद्युत बिघाड आणि झीज यांची भरपाई मिळत नाही. अपघातानंतरच्या दाव्यातही रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. बंपर, दिव्यांची आवरणे अशा प्लास्टिकच्या महागड्या भागांचा निम्मा भार मालकावरच येतो.

मग घ्यावी की घेऊ नये?

घ्यावी, पण दुरुस्तीचा खर्च गाडीच्या खरेदी किमतीवर ताडू नये, ती नवी असतानाच्या किमतीवर ताडावा. वयानुसार गाडीचा भाव उतरतो. सुट्या भागांचा आणि कुशल मजुरीचा उतरत नाही. वीस हजारांच्या गाडीची देखभाल ६५ हजारांच्या गाडीचीच राहते. ज्याच्या हाताशी खरेदीनंतर एक मोठे काम करण्याइतकी शिल्लक उरत नाही, त्याच्यासाठी ही गाडी स्वस्त नाहीच.

सौद्याआधी त्या गाड्यांचा सराव असलेल्या त्रयस्थ मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी. तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का, हे पाहता येते. सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून ओरखडे तपासता येतात. इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले, याची नोंद गाडीच्या संगणकात असते. या तपासणीला जो विक्रेता आढेवेढे घेतो, त्याचे उत्तर तिथेच मिळालेले असते.

दुसऱ्या टोकाची भीतीही अनाठायीच. बेअरिंगच्या बदनामीने ‘९९६’चा भाव पाडला, पण बहुसंख्य इंजिने फुटली नाहीत. बेअरिंग बदलल्याची पावती आणि वर्षावर्षाच्या सर्व्हिसच्या नोंदी असलेली गाडी थोडी महाग पडली तरी अखेर तीच स्वस्त ठरते. रंगाची चकाकी एका दिवसात आणता येते, पावत्यांची फाइल जमायला मात्र वर्षे जातात. जास्तीचे पैसे मोजायचे तर ते त्या फाइलसाठीच मोजावेत.